गिनीपिगने खाणं सोडलंय? उद्यापर्यंत थांबू नका

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा ज्यांच्या मांडीवर आत्ता आजारी गिनीपिग बसलाय आणि हेडफोन लावायला हात मोकळा नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतेय. बोलताना दोन-तीन आकडे घाईत गेले होते, ते इथे नीट लिहिलेत.

मला येणाऱ्या व्हॉइस नोट्समध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. "ताई, आमचा गिनीपिग कालपासून काही खात नाहीये. बाकी ठीक वाटतोय. रविवारी सुट्टी आहे, तेव्हा दाखवला तर चालेल का?"

नाही चालणार. कुत्रा एक दिवस जेवला नाही तर आपण म्हणतो, पोट बिघडलं असेल, उद्या खाईल. मांजर तर मूड नाही म्हणूनही जेवत नाही. गिनीपिगचं शरीर तसं चालत नाही. बारा तास काहीच खाल्लं नसेल तर डॉक्टरांना फोन करायचा आणि चोवीस तासांच्या आत तो टेबलावर हवा.

कारण असं. हा प्राणी दिवसरात्र थोडं थोडं चरणारा. त्याच्या पोटात सीकम नावाची एक मोठी पिशवी असते, तिथे जिवाणू गवतातले तंतू कुजवून त्यातून अन्न काढतात. ही सगळी यंत्रणा पुढे ढकलते ती मागून येणाऱ्या गवताने. गवत यायचं थांबलं की आतडं मंदावतं. आतडं मंदावलं की आत गॅस धरतो, गॅसने पोट दुखतं आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. त्यात चांगले जिवाणू कमी होऊन वाईट वाढतात. शिवाय उपाशी शरीर साठवलेली चरबी वापरायला काढतं आणि ती यकृतात जाऊन बसते. गुबगुबीत गिनीपिगला हा धोका जास्त. आणि याला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं तोंडावाटे बाहेर काढायची सोयच नाही.

आणि "बाकी ठीक वाटतोय" या वाक्यावर माझा अजिबात विश्वास नाही. शिकार होणारा प्राणी आहे तो. आजारी दिसला की कोणीतरी उचलून नेणार, हे त्याच्या रक्तात आहे. त्यामुळे शेवटपर्यंत तो ठीक असल्याचं नाटक करतो. कधीकधी तर गवताच्या ढिगात तोंड खुपसून बसतो आणि आपल्याला वाटतं, खातोय.

मग ओळखायचं कसं? वजनावरून. किचनचा ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, त्यावर एक डबा, डब्यात गिनीपिग. मोठ्या गिनीपिगचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं. आठवड्याला एकदा वजन करून फोनच्या नोट्समध्ये तारखेसकट टाका. ३०-४० ग्रॅम इकडेतिकडे होतातच. ५० ग्रॅम कमी झालं तर रोज मोजायला लागा. १०० ग्रॅमच्या आसपास गेलं तर वाट बघू नका. दोन-तीन गिनीपिग एकत्र असतील तर वजन हाच एक खात्रीचा पुरावा, कारण वाटी रिकामी झालीय एवढंच दिसतं, कोणी रिकामी केली ते नाही.

दुसरा पुरावा लेंड्या. निरोगी लेंडी लांबट, गडद, ओलसर चमक असलेली. खाणं कमी झालं की त्या बारीक, कोरड्या, टोकदार होतात, मग संख्या घटते, मग बंद. सकाळी पिंजरा झाडताना दोन मिनिटं बघायचं एवढंच काम आहे.

आता एक प्रश्न, जो डॉक्टर पहिला विचारतील आणि ज्याचं उत्तर तुम्हीच देऊ शकता: त्याला खायची इच्छा नाही की इच्छा आहे पण जमत नाही?

कोथिंबिरीची काडी समोर धरा. मान फिरवली, अंग फुगवून कोपऱ्यात कुबड काढून बसला, दात करकर वाजवले, तर दुखणं पोटात, छातीत किंवा लघवीच्या जागी असू शकतं. पण धावत आला, काडी तोंडात घेतली, दोनदा चावली आणि टाकून दिली, हनुवटी लाळेने ओली आहे, तर बहुतेक दात.

गिनीपिगचे सगळे वीसच्या वीस दात आयुष्यभर वाढत राहतात. गवत चघळून ते घासले गेले पाहिजेत. नुसत्या पेलेट्स आणि काकडीवर वाढलेल्या गिनीपिगचे ते घासले जात नाहीत. खालच्या दाढा आतल्या बाजूला कलतात आणि जिभेवर कमान करून तिला खाली अडकवतात. जीभ हललीच नाही तर गिळणार कसं? आमच्या भुरीला हेच झालं होतं. चार वर्षांची, ८७० ग्रॅमची, आठवड्याभरात ७९० वर आली. पुढचे दात अगदी छान दिसत होते. मागच्या दाढा घरी दिसत नाहीत. डॉक्टर कानात बघायच्या दुर्बिणीने अंदाज घेतात आणि नीट बघायला, घासायला भूल द्यावी लागते. आणि हो, पुढचे दात लांब वाटले म्हणून नेलकटर घेऊन बसू नका. दात उभा चिरतो.

डॉक्टरकडे जाण्याबद्दल. आपल्याकडचे बरेचसे पशुवैद्य कुत्री-मांजरं बघतात, गावाकडचे गाई-म्हशी. म्हणून निघण्याआधी फोनवर थेट विचारा, "तुम्ही ससे, गिनीपिग बघता का? त्याचे दात तपासता का?" नाही म्हणाले तर राग मानू नका, उलट आभार माना आणि कोणाकडे जाऊ ते विचारा. जवळपास कोणीच नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. मुंबईत परळचं तर १८८६ पासूनचं, आणि शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथेही आहेत. आज गिनीपिग तब्येतीने उड्या मारत असेल, तर हा फोन आजच करून नंबर सेव्ह करा. रात्री अकराला शोधाशोध नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे ऐकून एका जरी घरात उपयोग झाला तरी माझा एपिसोड वसूल. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही अँटिबायोटिक्स गिनीपिगच्या तोंडात जाऊ द्यायची नाहीत. माणसाला, कुत्र्याला रोज दिली जातात ती, पण गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जिवाणू ती मारतात, क्लॉस्ट्रिडियमसारखे विषारी जिवाणू माजतात आणि काही दिवसांत जीव जाऊ शकतो. घरात ताईचा अर्धा उरलेला कोर्स पडलाय म्हणून दिला, मेडिकलवाल्या काकांनी "लहान मुलांचं सिरप आहे, सौम्य असतं" म्हणून दिलं, असं होतं. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिलं तर नाव विचारा. "गिनीपिगला चालतं ना हे?" असं विचारण्यात उद्धटपणा नाही. एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा ही त्यांच्यात सहसा वापरली जाणारी नावं, डोस मात्र वजनावर आणि डॉक्टरांनीच ठरवलेला.

जाता जाता एक गंमत. १९४० च्या मे महिन्यात ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि मंडळींनी पेनिसिलिनचा तो प्रसिद्ध प्रयोग आठ उंदरांवर केला. औषध मिळालेले चार जगले. तेव्हा हाताशी उंदरांऐवजी गिनीपिग असते, तर हे औषध विषारी म्हणून बाजूलाही पडलं असतं असं मला राहून राहून वाटतं.

बरं, डॉक्टरांनी तपासलं, दुखण्याचं औषध दिलं, कातडीखाली सलाईन दिलं, घरी पाठवलं. इथून पुढचं काम आपलं आणि ते म्हणजे सिरिंजने भरवणं. भरवायला सुरुवात करण्याआधी एक तपासणी दर वेळी करा: पोटावर हलकं बोट ठेवा. पोट ढोलासारखं टम्म, कडक असेल आणि श्वास जोरात चालला असेल तर काहीही भरवू नका, लगेच दवाखान्यात न्या. फुगलेल्या पोटात आणखी ढकलणं जिवावर बेततं.

पोट मऊ असेल तर पुढे. आजारी शाकाहारी प्राण्यांसाठी तंतुमय पावडर मिळते, ऑक्सबोची क्रिटिकल केअर डॉक्टरांकडे किंवा ऑनलाइन मिळू शकते. ती मिळेपर्यंत रोजच्या पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, मिक्सरला फिरवून गाळणीतून काढा. पातळ पिठल्यासारखं झालं पाहिजे. आजी म्हणेल, "बिचाऱ्याला दहीभात कालवून दे." आजीची माया मान्य, पण दूध, दही, भात, नाचणीचं सत्त्व, साखरपाणी यातलं काही नको. पिष्ट आणि साखरेने आत गॅस आणखी वाढतो.

किती द्यायचं? एका किलो वजनाला दिवसाला साधारण ५० ते ८० मिली तयार मिश्रण. भुरीसाठी डॉक्टरांनी ६० मिली सांगितलं होतं, म्हणजे सहा वेळा दहा-दहा मिली. रात्री दोनचा अलार्म लावावाच लागतो. होस्टेलवर असाल तर रूममेटशी पाळ्या वाटून घ्या. तो अजून थोडंफार स्वतः खात असेल तर प्रमाण कमी होतं, ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

कसं द्यायचं हे बोलून दाखवणं कठीण, तरी प्रयत्न करते. जुन्या पंचात किंवा नॅपकिनमध्ये पुरणपोळी गुंडाळतो तसा गुंडाळा, डोकं बाहेर. मांडीवर चार पायांवर बसवा, त्याची पाठ तुमच्या पोटाला. बाळासारखं उताणं कधीच धरायचं नाही, घास श्वासनलिकेत जातो. एक मिलीची सिरिंज घ्या. पुढच्या दातांच्या मागे आणि दाढांच्या आधी दोन्ही बाजूंना मोकळी जागा असते, तिथून बाजूने आत सरकवा. रोख समोरच्या गालाकडे, घशाकडे नाही. अर्धा मिली दाबा आणि थांबा. जबडा हलतोय, चावतोय, गिळलं, मग पुढचा अर्धा. घाई केलीत तर न्यूमोनियाला आमंत्रण. मिश्रण अडकत असेल तर सिरिंजचं टोक थोडं कापा, पण कड नखाच्या कानशीने गुळगुळीत करा. पहिल्या दिवशी अर्धं अन्न तुमच्या कुर्त्यावर, पाव त्याच्या मिशांवर जाईल. तेवढं हिशेबातून वजा करायचं आणि झाल्यावर ओल्या कापडाने तोंड पुसायचं, नाहीतर हनुवटीखाली कातडी लाल होते. मध्ये मध्ये साधं पाणीही सिरिंजने द्या.

आता व्हिटॅमिन सी. आपल्यासारखंच गिनीपिगच्या शरीराला ते बनवता येत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक यांना स्कर्व्ही प्रयोगशाळेत पहिल्यांदा दिसला तो गिनीपिगमध्येच. कमी पडलं की सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं, भूक मरते. रोजची गरज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम, आजारपणात डॉक्टर वाढवतात. मेडिकलमधली चघळायची गोळी साधारण ५०० मिलिग्रॅमची असते, म्हणजे एक किलोच्या गिनीपिगला २५ मिलिग्रॅम धरले तर वीस दिवसांचा डोस, तेव्हा अख्खी गोळी नको. तुकडा चुरून सिरिंजमधून थेट द्या. पाण्याच्या बाटलीत टाकून उपयोग नाही, काही तासांत त्याचा जोर जातो आणि चव बदलली म्हणून पाणी पिणंच बंद होतं. बरा असताना ढोबळी मिरचीची एक फोड आणि कोथिंबीर उत्तम.

मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यातून मेसेज वाढतात. तिथे आधी खोलीचं तापमान बघा. तीस अंशांच्या वर गिनीपिगचा जीव घाबरा होतो. लांब पसरलाय, लाळ गळतेय, धापा टाकतोय, तर तो उष्माघात आहे. सावलीत घ्या, कान आणि पाय साध्या पाण्याच्या ओल्या कापडाने पुसा, बर्फाचं पाणी नको, आणि निघा.

जोडीदार असेल तर त्याला वेगळ्या खोलीत टाकू नका. मध्ये जाळी लावा, एकमेकांचा वास आणि आवाज राहू दे. एकटा पडलेला गिनीपिग आणखी मिटतो. ताजी हरळी, धुऊन पुसून, नाकाशी सतत असू दे. लसूणघास मात्र मोठ्या गिनीपिगला नको, त्यात कॅल्शियम जास्त, मूतखड्याची भीती.

किती दिवस करायचं? भुरीला नऊ दिवस लागले. पाचव्या दिवशी तिने सिरिंज ढकलून नॅपकिनचा कोपरा चावायला सुरुवात केली, सातव्या दिवशी हरळीचं एक पातं संपवलं. तरी लगेच थांबवलं नाही. लेंड्या पुन्हा लांबट होईपर्यंत आणि भरवणं अर्ध्यावर आणूनही सलग तीन दिवस वजन टिकेपर्यंत चालू ठेवलं. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. कधी मूळ दुखणं खोल असतं, मोठा खडा किंवा दातांची मुळंच बिघडलेली, आणि डॉक्टर सांगतात की आता याला त्रास देण्यात अर्थ नाही. तेव्हा त्यांना स्पष्ट विचारा, दुखतंय का, किती आणि भूल देऊन शांतपणे निरोप देता येईल का. हा प्रश्न विचारणाऱ्या कोणालाही मी आजवर निर्दयी म्हटलेलं नाही.

पुढच्या भागात गवताबद्दल बोलू: हरळी कुठली तोडायची, फवारणी झालेली कशी ओळखायची आणि घरी कशी वाळवायची. तुमच्या गिनीपिगचं नाव आणि आजचं वजन व्हॉइस नोटमध्ये पाठवा.