वासटाराणीची वाटणी

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरी पाहुणे आले की त्यांना सिरपूर दाखवायचं काम माझ्याकडे असतं. रायपूरहून साधारण ऐंशी किलोमीटर, महानदीच्या काठी. तिथल्या लक्ष्मण मंदिरासमोर गाइड हमखास ताजमहाल काढतात: त्याच्या हजार वर्षं आधी एका राणीनं नवऱ्यासाठी हे बांधलं म्हणून. मला हे सोयरिक जुळवणं पटत नाही. ताजमहालात कबर आहे, इथे कुणाचाच देह नाही. याचं खरं नातं इजिप्तशी. तिथे थीब्जच्या फॅरोंचे देह डोंगरातल्या थडग्यांत आणि त्यांच्या नावानं पूजा-नैवेद्य चालायचा तो खाली, शेतांच्या कडेला बांधलेल्या देवळांत.

सिरपूर म्हणजे जुनं श्रीपूर, दक्षिण कोसलाची राजधानी. मगधाच्या सूर्यवर्म्याची मुलगी वासटा इथल्या हर्षगुप्ताला दिली होती. तो गेल्यावर मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन याच्या कारकिर्दीत, सातव्या शतकाच्या आसपास, तिनं विष्णूचं हे देऊळ उभारलं. मुलगा कट्टर शैव, पण आईच्या देवाच्या आड आला नाही.

दगडी जोतं उंच, त्यावर सभामंडपाच्या खांबांचे उरलेले बुंधे आणि मागे लाल विटांचं शिखर. विटांचे सांधे इतके बारीक की नख शिरत नाही. कमानदार गवाक्षं, खोट्या खिडक्या, सगळं विटेतच कोरलेलं. दगड राखून ठेवलाय तो गाभाऱ्याच्या दारासाठी. वर शेषशायी विष्णू पहुडलेला, बाजूंच्या शाखांवर त्याचे अवतार आणि प्रेमात रमलेली जोडपी. विधवेनं बांधलेल्या देवळाच्या दारात ही जोडपी पाहून एका मावशींनी तोंडाला पदर लावला होता. मी तिथेच जास्त वेळ रेंगाळतो.

मात्र देवळाचा जीव सिरपुरात नाही, तो रायपुरातच आहे. ढिगाऱ्यात सापडलेला शिलालेख महंत घासीदास संग्रहालयात ठेवलाय. माझं सगळं आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे मी तो खातेवहीसारखा वाचतो. राणीनं गावं लावून दिली आणि उत्पन्नाचे चार भाग केले. एक अन्नसत्राला, एक डागडुजीला, एक देवळाच्या सेवेकऱ्यांना, चौथा ब्राह्मणांना; त्यांत ऋग्वेद, यजुर्वेद, सामवेद यांचे प्रत्येकी चार. डागडुजीची तरतूद पहिल्याच दिवशी! आमच्या मोहल्ल्यातल्या किती ट्रस्टींना हे सुचलं असतं?

इजिप्तचा तिसरा रामसेस (इसवी सनापूर्वी बारावं शतक) हिशेबाला असाच पक्का. मेदिनेत हाबू इथल्या त्याच्या देवळाच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर सणावारांची भलीथोरली यादी कोरली आहे: कोणत्या दिवशी किती भाकरी, किती बिअर. बाकीच्या भिंतींवर लढाया, समुद्रातून आलेले शत्रू, रानबैलांची शिकार. कोरीव रेषा इतक्या खोल की बोटं आत जावीत. जुन्या राजांची नावं खोडून आपली घालायची तिथे रीतच होती. उथळ अक्षर पुसायला सोपं.

वासटेनं छिन्नीऐवजी अटींवर भरवसा ठेवला. ब्राह्मणांचा वाटा मुला-नातवांकडे जाईल, पण ते अग्निहोत्री आणि सहा वेदांगं जाणणारे हवेत. जुगार, वेश्या, वाईट संगत यांच्या नादी लागलेले नकोत. न बसणारा बाद; त्याच्या जागी नातलगांतलाच वयस्क, विद्वान माणूस घ्यायचा, तोही बाकीच्यांच्या संमतीनं, राजाच्या हुकमानं नव्हे.

मागच्या खेपेला पुण्याच्या भाच्याला हे सगळं संग्रहालयात समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही बसता की यात! जुगार नाही, काही नाही."

मी त्याला राहिलेली अट सांगितली. कुणाची चाकरी करणारा चालणार नाही.

"म्हणजे पेन्शनवाले?"

"बाद," मी म्हटलं, आणि आम्ही चहा प्यायला बाहेर पडलो.