गोलमेजावरचा फितूर

सगळे जिंकतील किंवा सगळे हरतील, असा खेळ आपल्याकडे फारसा कुणी खेळत नाही. कॅरम असो, पत्ते असोत की सापशिडी. समोरच्याला हरविणे हाच खेळाचा हेतू असतो. युरोप-अमेरिकेत मात्र सहकार्याने खेळावयाच्या पटखेळांचा एक मोठा वर्ग तयार झाला आहे. त्यात खेळाडू एका बाजूला आणि खेळाचे नियम दुसऱ्या बाजूला अशी लढत असते. या खेळांचा एक दोष लवकरच लक्षात आला. गटात जो सर्वांत हुशार किंवा सर्वांत मोठ्या आवाजाचा असेल, तो इतरांच्या चालीही ठरवू लागतो. बाकीचे नुसते सोंगट्या हलविणारे उरतात. यावर सापडलेला एक उपाय म्हणजे घरभेदी! सल्ला देणाराच शत्रूचा असू शकतो, हे कळल्यावर कोण कुणाचे मुकाट्याने ऐकणार?

२००५ साली आलेला ‘शॅडोज ओव्हर कॅमेलॉट’ हा या प्रकारातला गाजलेला खेळ. ब्रुनो कताला आणि सर्ज लाजे या फ्रेंच जोडीने तो रचला आणि ‘डेज ऑफ वंडर’ने प्रकाशित केला. जर्मनीतील वार्षिक खेळ-पुरस्कारांमध्ये २००६ साली त्याला विशेष पुरस्कारही मिळाला. तीन ते सात खेळाडू राजा आर्थर आणि त्याच्या गोलमेजावरील सरदार होतात. एक्सकॅलिबर तलवार मिळविणे, पवित्र चषकाचा शोध, सॅक्सन आणि पिक्ट टोळ्यांशी युद्ध अशा मोहिमा त्यांच्यापुढे असतात. मोहीम फत्ते झाली की गोलमेजावर पांढरी तलवार येते, फसली की काळी. बारा तलवारी जमल्या की हिशेब होतो आणि त्यात पांढऱ्यांचे बहुमत लागते. कॅमेलॉटला बारा गोफणयंत्रांचा वेढा पडला, तर मात्र हिशेबाची वाट न पाहताच सारे संपते.

प्रत्येकाला आपल्या पाळीत आधी एक वाईट गोष्ट करावीच लागते. काळे पान उचलायचे, वेढ्यात एक यंत्र वाढवायचे किंवा स्वतःच्या प्राणांतला एक गुण घालवायचा. त्यानंतरच पराक्रम. त्यामुळे यंत्र वाढविणारा फितूर आहे की केवळ सावध, हे सांगता येत नाही. एक्सकॅलिबरची मोहीम तर फितुराच्या सोयीचीच म्हणावी लागेल. तलवार जवळ ओढण्यासाठी हातातले एक पांढरे पान पालथे टाकावे लागते. निष्ठावान सरदार निरुपयोगी पान टाकतो. फितूर नेमके मोलाचे पान टाकतो आणि वर शाबासकी मिळवितो. हातातील पाने नेमकी कोणती, हे उघड सांगण्यास नियमानेच मनाई आहे. मोघम बोलावे लागते, आणि संशयाला एवढी जागा पुरते.

खेळाचे खरे मर्म मात्र पाने वाटण्यात आहे. निष्ठेची पाने एकूण आठ. त्यांपैकी सात निष्ठावंतांची आणि एकच फितुराचे. पाच जण खेळत असतील तर पाचच पाने वाटली जातात, उरलेली तीन न पाहता बाजूला ठेवली जातात. म्हणजे सरासरी आठपैकी तीन डावांत टेबलावर फितूर नसतोच! तरीही संशय असतो. गोलमेजावर सहा तलवारी किंवा वेढ्यात सहा यंत्रे झाली की प्रत्येक सरदाराला संपूर्ण डावात एकदाच कुणावर तरी आरोप करता येतो. आरोप खरा ठरला तर एक पांढरी तलवार मिळते. खोटा ठरला तर मिळविलेली एक पांढरी तलवार उलटून काळी होते. आरोप न करण्याचीही किंमत आहे. फितूर शेवटपर्यंत लपून राहिला तर दोन पांढऱ्या तलवारी काळ्या होतात. आठ विरुद्ध चार असा जिंकलेला डाव सहा-सहावर येतो आणि बहुमत जाते.

चिठ्ठ्या टाकून खेळलेला राजा-मंत्री-चोर-शिपाई ज्यांना आठवतो, त्यांना लपलेला चोर नवा नाही. पण तिथे चोर असतोच आणि शिपायाची चूक गुणांपुरती असते. इथे तासाभराहून अधिक काळ ज्याच्याबरोबर योजना आखल्या, त्याच्याकडे बोट दाखवावे लागते. मित्रमंडळात हे सोपे नाही. गप्प बसणाऱ्यावर पहिला संशय जातो. ज्याला मुळातच खोटे बोलता येत नाही, तो निष्ठावान असूनही गडबडतो आणि अधिकच अडकतो. जुने मित्र एकमेकांच्या लकबी ओळखतात हे खरे, पण फितुरालाही त्या ठाऊक असतात. डाव संपल्यावर ‘तुला माझ्यावर विश्वास नव्हता?’ हा प्रश्न अर्धा थट्टेत आणि अर्धा खराच विचारला जातो.

पकडला गेल्यावरही फितुराला उठून जावे लागत नाही. तो उघडपणे शत्रू होतो, आपल्या पाळीत एखाद्या सरदाराच्या हातातले पान हिसकावतो आणि मग वेढा तरी वाढवितो किंवा काळे पान तरी उघडतो. म्हणून कसलेले खेळाडू कधी कधी संशय पक्का होऊनही आरोप लांबवितात. अर्थात तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणी चुकीच्या माणसाकडे बोट दाखविले, तर तलवार सर्वांचीच उलटते.