ईदीतलं तिकीट

रमजानच्या रात्री मुंबईत मिनारा मशिदीजवळ मालपुवा, फिरनी खायला सगळ्या धर्मांची गर्दी लोटते. ते फोटो दरवर्षी छापून येतात. त्याच महिन्यात मुस्लिम वस्त्यांतली चित्रपटगृहं ओस पडतात, त्याची बातमी होत नाही. दिवसभर रोजा, संध्याकाळी इफ्तार, मग तरावीहची लांब नमाज; सिनेमाला वेळ कुठला? काही जण तर महिनाभर सिनेमाचं नावही काढत नाहीत.

ही कसर भरून निघते ती ईदला. म्हणूनच निर्माते मोठा चित्रपट ईदसाठी राखून ठेवतात. सलमान खानचा ‘बॉडीगार्ड’ ३१ ऑगस्ट २०११ला, ऐन ईदच्या दिवशी लागला. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. शिरखुर्मा खाऊन आलेले आणि मोदक खाऊन आलेले एकाच पडद्यापुढे शिट्ट्या मारत होते.

पहिल्या दिवसाचा खेळ पोरांचा. घरच्या बायका पाहुण्यांच्या सरबराईत अडकलेल्या, त्यांचा सिनेमा दुसऱ्या दिवशी, बासी ईदला. पोरांचं तिकीट मामा-चाचांच्या ईदीतून निघायचं, वर समोसाही व्हायचा. पण एकपडदा चित्रपटगृहं एकेक करून बंद पडली आणि मल्टिप्लेक्समध्ये तेवढ्या ईदीत धड पॉपकॉर्नही येत नाही. मग नवे कपडे घातलेली पोरं चित्रपट मोबाइलवर येण्याची वाट बघतात. मोबाइलसमोर शिट्टी कोण मारणार?

मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरचं तिकीट अजून खिशाला परवडतं. ईदच्या दुपारी मदनपुऱ्यातली पोरं तिकडेच वळतात.