भुतरामहट्टीचे मुके शेजारी

बेळगावाहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, काकतीच्या पुढे, भुतरामहट्टीचे कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालय लागते. आमच्या कडोलीहून ते काही दूर नाही. नातवंडांना घेऊन आम्ही तेथे अनेकदा गेलो आहोत. तेथील रहिवाशांचा परिचय सभासद बंधूंस करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

पहिला मान सिंहांचा. २०२१ साली बंगळूरजवळील बन्नेरघट्ट्याहून नकुल, कृष्णा व निरुपमा असे तीन सिंह येथे आणले गेले. त्यांची नावे वर्तमानपत्रांत आली आणि मुलांना ती पाठ झाली. सिंह हे भगवान महावीरांचे लांछन. साहजिकच आमचे पाय प्रथम तिकडे वळत.

काळविटांना मात्र नावे नव्हती. नर वयात आला की त्याची पाठ काळसर होते, पोट पांढरे राहते आणि शिंगांना पीळ पडतो. मादी पिंगट, बहुधा बिनशिंगी. हरिण हे भगवान शांतिनाथांचे लांछन, हे ठाऊक असूनही आम्ही त्यांच्या कुंपणापाशी क्वचितच थांबलो.

१३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या ३८ काळविटांपैकी ८ दगावले. १५ तारखेस आणखी २० गेले. पाहता पाहता मृतांची संख्या ३१ झाली. उरले अवघे ७. तपासणीअंती घटसर्पाचे निदान झाले.

हा रोग आपल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. ताप चढतो, गळा सुजतो, श्वास कोंडतो आणि जनावर एकदोन दिवसांत जाते. त्याचे जंतू निरोगी जनावराच्या घशातही दबून राहतात. हवा पालटली किंवा अंगातील शक्ती घटली की ते उसळतात. म्हणूनच पावसाळ्यापूर्वी गाईम्हशींना लस टोचतात. पण दावणीच्या म्हशीला धरणे निराळे आणि काळविटाला धरणे निराळे. नुसत्या धरपकडीच्या भयानेही ते प्राण सोडते. अशा प्राण्याच्या बाबतीत खरा उपाय रोजच्या निगराणीचाच: कोण चरले नाही, कोण कळपापासून दूर उभे आहे, हे पाहणारा डोळा हवा.

आम्ही धान्याचे व्यापारी. पेढीवर ज्याचे खाते नाही, त्याची बाकी कोणी काढीत नाही, हा आमचा जन्माचा अनुभव. त्या काळविटांचे खाते आमच्याही मनात उघडलेले नव्हते. ती गेल्यावर आम्ही त्यांची संख्या मोजली, ही लाजेची गोष्ट आहे.

कर्नाटकातील प्राणिसंग्रहालयांत ठरावीक रक्कम भरून एखाद्या प्राण्याचे वर्षभर पालकत्व घेता येते. आपण जीवदयेसाठी दरसाल काही ना काही बाजूस काढतोच. त्यातून सिंहाबरोबर एका काळविटाचेही पालकत्व घ्यावे, आणि पैसे भरून न थांबता अधूनमधून जाऊन त्याची विचारपूस करावी, अशी आमची सर्व बंधूंना नम्र विनंती आहे.