गोदावरी (युद्धनौका)

भारतीय नौसेनेतील एक अनुरक्षक विनाशिका. १९५३ ते १९७६ या काळात ती भारतीय ध्वजाखाली होती; तथापि तिच्या आयुष्यातील प्रत्यक्ष युद्धाचा काळ त्याआधीचा असून तो तिने ‘श्लोंझाक’ या नावाने पोलिश नाविकांच्या हाती घालविला. तिचे मूळ ब्रिटिश नाव ‘बीडेल’. एकाच नौकेने तीन नावे व तीन ध्वज धारण करावेत, ही गोष्ट आरमारांच्या इतिहासात फारशी नवलाची नाही. परंतु ज्यांचा देश शत्रूच्या ताब्यात होता आणि विजयी पक्षात असूनही ज्यांतील अनेकांना तो परत लाभला नाही, अशा खलाशांनी लढविलेली नौका पुढे नुकत्याच स्वतंत्र झालेल्या एका देशाच्या आरमारात यावी, हा योग विरळा होय.

विनाशिका हा युद्धनौकांचा प्रकार मुळात मोठ्या आरमाराबरोबर वेगाने जाण्यासाठी व पाणतीर सोडण्यासाठी निर्माण झाला. व्यापारी जहाजांच्या काफिल्याचे रक्षण करण्यासाठी एवढ्या वेगाची व खर्चाची आवश्यकता नसते; तेथे विमानविरोधी तोफा, पाणबुडीचा शोध घेणारी यंत्रणा आणि जलबाँब यांचे महत्त्व अधिक असते. हे ध्यानात घेऊन ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर ‘हंट’ वर्गातील लहान विनाशिका बांधावयास घेतल्या. इंग्लंडमध्ये कोल्ह्यांची शिकार करणारी जी ठिकठिकाणची मंडळे प्रसिद्ध होती, त्यांची नावे या नौकांना देण्यात आली. बीडेल हे यॉर्कशरमधील तशाच एका मंडळाचे नाव. या वर्गाच्या एकूण ८६ नौका झाल्या. पहिल्या काही नौकांच्या आराखड्यातील गणितात चूक होऊन त्या माथ्याकडे जड झाल्या व त्यांचा समतोल बिघडला. तेव्हा त्यांवरील सहा तोफांपैकी दोन उतरवाव्या लागल्या. दुसऱ्या प्रकारच्या नौकांची रुंदी सु. ७५ सेंमी. वाढविण्यात आली, त्यामुळे त्यांवर सहाही तोफा बसू शकल्या. बीडेल या दुसऱ्या प्रकारातील होती. ती इंग्लंडच्या ईशान्य भागातील टाइन नदीवरील हेबर्न येथे हॉथॉर्न लेस्ली या कंपनीच्या गोदीत बांधण्यात आली व १९४१ मध्ये तिचे जलावतरण झाले.

नौकेचे प्रमाणित विस्थापन १,०५० टन, लांबी सु. ८५ मी. व रुंदी सु. ९.६ मी. होती. बाष्प-टरबाइनांची एकूण शक्ती १९,००० अश्वशक्ती असून कमाल वेग ताशी सु. २७ सागरी मैल होता. तीन जोड-बुरुजांवर ४ इंची (सु. १०२ मिमी.) सहा तोफा होत्या. त्या आकाशाकडेही वळविता येत. याखेरीज जलद मारा करणाऱ्या लहान विमानविरोधी तोफा व सु. शंभर जलबाँब तीवर असत. पाण्यात ध्वनितरंग सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडीचे स्थान ठरविण्याचे यंत्रही होते. पाणतीर मात्र नव्हते. त्यामुळे मोठ्या युद्धनौकेशी समोरासमोर लढण्याची कुवत तिच्यात नव्हती. इंधनाचा साठा बेताचा असल्याने अटलांटिक ओलांडणाऱ्या काफिल्यांसाठीही हंट वर्ग अपुरा पडे. इंग्लिश खाडी, उत्तर समुद्र व भूमध्य समुद्र येथील अरुंद, सुरुंगांनी भरलेल्या आणि शत्रूच्या विमानतळांच्या टप्प्यातील जलमार्गांवर मात्र तिच्यासारख्या नौका अत्यंत उपयुक्त ठरल्या. नौकेवर सु. १६५ अधिकारी व खलाशी असत. एवढी माणसे एवढ्या जागेत राहत असल्याने खलाशी जेथे जेवत तेथेच रात्री झोळ्या टांगून झोपत, आणि उत्तर समुद्राच्या खवळलेल्या पाण्यात तेथील वस्तू क्वचितच कोरड्या राहत.

जर्मनीने १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर स्वारी केली. त्याच्या दोनच दिवस आधी पोलंडने आपल्या ‘ब्विस्काविट्सा’, ‘ग्रोम’ व ‘बुझा’ या तीन विनाशिका बाल्टिक समुद्रातून बाहेर काढून ब्रिटनकडे धाडल्या होत्या. बाल्टिकमध्ये जर्मन आरमारापुढे त्यांचा टिकाव लागणार नाही, हा अंदाज अचूक ठरला. १७ सप्टेंबर रोजी पूर्वेकडून सोव्हिएट सैन्यही पोलंडमध्ये शिरले आणि महिनाअखेरीनंतर थोड्याच दिवसांत तेथील संघटित प्रतिकार संपला. पोलिश सरकार प्रथम फ्रान्समध्ये व १९४० पासून लंडनमध्ये राहिले. त्या सरकारच्या हाती भूमी नव्हती, परंतु सैनिक, वैमानिक व नाविक होते. १८ नोव्हेंबर १९३९ रोजी झालेल्या करारानुसार पोलिश नौदल ब्रिटिश आरमाराच्या हुकमतीखाली लढू लागले. मात्र त्याच्या नौकांवर पोलिश ध्वज, पोलिश अधिकारी व पोलिश शिस्त कायम राहिली. प्रत्येक नौकेवर संदेशवहनासाठी ब्रिटिश संपर्क अधिकारी व काही संदेशक असत. नौकेतील आज्ञा पोलिश भाषेत दिल्या जात आणि इतर नौकांशी बोलणे इंग्रजीत चाले.

ब्रिटनने हंट वर्गातील तीन नौका पोलिश नौदलास दिल्या. त्यांची नावे पोलंडमधील प्रदेशांच्या रहिवाशांवरून ठेवण्यात आली : ‘क्राकोव्याक’ म्हणजे क्राकूफकडचा, ‘कुयाव्याक’ म्हणजे कुयावी प्रांतातला आणि ‘श्लोंझाक’ म्हणजे सायलीशियाचा रहिवासी. आपल्याकडे वऱ्हाडकर, खानदेशी अशी नावे नौकांना द्यावीत, तसाच हा प्रकार. कुयाव्याक १६ जून १९४२ रोजी माल्टाजवळ सुरुंगावर आदळून बुडाली. तीवरून माल्टाकडे रसद घेऊन जाणाऱ्या काफिल्याचे रक्षण केले जात होते. बीडेल एप्रिल १९४२ मध्ये ‘श्लोंझाक’ या नावाने पोलिश सेवेत दाखल झाली. रोमुआल्द नालेंच-तिमिन्स्की हे तिचे कप्तान होते.

दाखल झाल्यावर चार महिन्यांतच श्लोंझाकचा सर्वांत वादग्रस्त दिवस उजाडला. १९ ऑगस्ट १९४२ रोजी दोस्तांनी उत्तर फ्रान्समधील द्येप या बंदरावर सु. ६,००० सैनिकांनिशी छापा घातला, त्यांत सु. ५,००० कॅनडाचे होते. श्लोंझाक व ब्रिटिश ‘ब्रॉकल्सबी’ या दोन नौकांकडे पूर्व बगलेचे संरक्षण होते. पहाटे पावणेचारच्या सुमारास या बगलेवरून किनाऱ्याकडे निघालेल्या कमांडो पथकाच्या नावांची गाठ अकस्मात एका जर्मन काफिल्याशी पडली. अंधारात चकमक झाली, नावा विखुरल्या आणि वीसहून अधिक नावांपैकी सातच किनाऱ्यास लागल्या. श्लोंझाक तेथून काही मैलांवर होती. तोफांचे झोत दिसताच, तो मारा किनाऱ्यावरूनच होत असावा असे मानून कप्तानाने आपली गस्त सोडली नाही. या निर्णयावर पुढे बरीच टीका झाली. पहाटेच्या अंधारात दूरवरचा मारा जमिनीवरून होत आहे की समुद्रावरून, हे ओळखणे कठीण असते, हे मान्य केले तरी बगलेच्या रक्षणाचा अर्थच अशा वेळी धावून जाणे असा होतो. तेव्हा टीका निराधार म्हणता येत नाही. मात्र सर्व दोष एका नौकेच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील रडारने हा जर्मन काफिला आधीच हेरला होता व तसे इशारे पाठविण्यात आले होते. त्यांवर वेळीच कारवाई झाली नाही. छाप्याची मूळ योजनाही सदोष होती, हे बहुतेक इतिहासकारांचे मत आहे. कॅनडाचे ९०७ सैनिक या एका छाप्याच्या परिणामी प्राणास मुकले. परतीच्या वेळी मात्र श्लोंझाकने किनाऱ्याजवळ जाऊन पाण्यातील सैनिक व वैमानिक उचलून घेतले आणि जर्मन विमानांच्या हल्ल्यांना दिवसभर तोंड दिले. तिचीच जातबांधव असलेली ‘बर्कली’ ही नौका त्या दिवशी बुडाली.

१९४३ मध्ये नौका भूमध्य समुद्रात गेली. जुलैमधील सिसिलीवरील व सप्टेंबरमधील सालेर्नो येथील अवतरणांच्या वेळी ती दोस्त आरमाराबरोबर होती. अनुरक्षक नौकेचे नित्याचे काम मात्र असे नोंद घेण्याजोगे नसते. काफिल्याच्या कडेने नागमोडी वाटेने जावे, ध्वनियंत्रावर तासन् तास कान लावून बसावे, संशय आल्यास जलबाँब टाकावेत व पुन्हा आपल्या जागी यावे, हाच क्रम आठवडेच्या आठवडे चाले. काफिला सुखरूप पोहोचला की काम झाले; आणि सुखरूप पोहोचलेल्या काफिल्यांबद्दल इतिहासग्रंथांत सहसा एक ओळही लिहिली जात नाही.

६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील अवतरणात पोलिश नौदलाच्या अनेक नौका होत्या. श्लोंझाकला सर्वांत पूर्वेकडील, ‘सोर्ड’ या सांकेतिक नावाच्या किनाऱ्यासमोर नेमण्यात आले होते. तेथे लियों-स्यूर-मेर या गावी ब्रिटिश रॉयल मरीन्सचे ४१ वे कमांडो पथक जर्मनांच्या भक्कम ठाण्यांपुढे अडकून पडले होते. पथकाचा तोफांशी असलेला बिनतारी संपर्क सकाळी तुटला होता. तो पुन्हा जुळल्यावर दुपारनंतर श्लोंझाकने किनाऱ्याजवळून या ठाण्यांवर मारा केला. जमिनीवर लढणाऱ्यांनी सांगितलेल्या ठिकाणी, आपल्याच माणसांना धक्का न लावता, हलत्या नौकेवरून अचूक गोळे टाकणे हे अवघड काम होय. द्येपला टीका ऐकावी लागलेल्या नौकेने दोन वर्षांनी ते पार पाडले.

युद्ध संपण्याच्या वेळी पोलिश नौदलात सु. ४,००० माणसे होती. यांपैकी काही जण १९४२ मध्ये सोव्हिएट संघातून इराणमार्गे बाहेर पडलेल्या पोलिश सैन्यातून आले होते. त्याच लोंढ्यातील स्त्रिया व मुले आफ्रिकेत व भारतात पाठविण्यात आली. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ मध्ये त्यांच्यासाठी वसाहत उभारण्यात आली व तेथे सु. ५,००० पोलिश निर्वासित राहिले. इंग्लिश खाडीतील खलाशी व पंचगंगेकाठची ही कुटुंबे एकाच निर्वासित सरकारची प्रजा होती. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने व अमेरिकेने या सरकारची मान्यता काढून वॉर्सा येथील साम्यवादी वर्चस्वाच्या नव्या सरकारला मान्यता दिली, आणि दोहोंपुढे एकाच दिवशी तोच प्रश्न उभा राहिला : परत जावे की परदेशी राहावे? वळिवड्याची वसाहत १९४८ पर्यंत चालली. तेथील बहुतेकांनी अन्य देशांचा आसरा घेतला. नाविकांपैकीही अनेक जण ब्रिटनमध्ये वा त्याच्या वसाहतींत राहिले. कप्तान नालेंच-तिमिन्स्की पुढे कॅनडात स्थायिक झाले.

शरण आलेल्या जर्मन पाणबुड्या उत्तर आयर्लंडजवळच्या खोल समुद्रात नेऊन बुडविण्याचे काम नोव्हेंबर १९४५ ते फेब्रुवारी १९४६ या काळात चालले. त्यात श्लोंझाकही होती. ज्या पाणबुड्यांपासून काफिले राखण्यासाठी ही नौका घडविली गेली, त्यांच्या बुडीताला ती हजर राहिली. हेच तिचे पोलिश ध्वजाखालील अखेरचे मोठे काम. १९४६ मध्ये नौका ब्रिटिश आरमारास परत करण्यात आली. तिला बीडेल हे नाव परत मिळाले, पण बराच काळ ती राखीव ताफ्यात पडून राहिली.

फाळणीच्या वेळी नौसेनेचीही वाटणी झाली. त्यापूर्वी १९४३ मध्ये ‘गोदावरी’ या नावाची एक युद्धनौका रॉयल इंडियन नेव्हीत होती. ती पाकिस्तानच्या वाट्याला गेली व तिचे नाव ‘सिंध’ ठेवण्यात आले. भारताकडे लांबच लांब किनारा व मोजक्याच जुन्या युद्धनौका उरल्या. नव्या बांधण्यास पैसा व कारखाने दोन्ही अपुरे असल्याने ब्रिटनच्या राखीव ताफ्यातील नौका घेणे हाच मार्ग होता. १९४८ मध्ये ‘दिल्ली’ ही क्रूझर व १९४९ मध्ये ‘राजपूत’, ‘रणजित’ व ‘राणा’ या विनाशिका आल्या. १९५३ मध्ये हंट वर्गातील तीन नौका प्रथम उसनवारीने घेण्यात आल्या व नंतर विकत घेतल्या गेल्या. बीडेलला ‘गोदावरी’, लॅमर्टनला ‘गोमती’ व चिडिंगफोल्डला ‘गंगा’ असे नाव मिळाले. शिकारमंडळाचे नाव जाऊन प्रांताचे, आणि प्रांताचे जाऊन नदीचे, असा तिन्ही देशांच्या नामकरणाच्या रीतीचा ठसा या एकाच नौकेवर उमटला आहे. नाव ज्या नदीचे, तिच्या खोऱ्याचा विस्तार समुद्रापासून फार दूरपर्यंत आहे : महाराष्ट्राच्या पूर्व टोकाशी असलेल्या गोंदिया जिल्ह्यातील बाघ, चुलबंद व गाढवी या नद्यांचे पाणी वैनगंगेवाटे प्राणहितेत व तेथून गोदावरीत जाते.

भारतीय सेवेत या नौकेने युद्धकीर्ती मिळविली नाही. तिचे महत्त्व निराळे आहे. १९५० नंतरच्या दशकात बाष्पयंत्रे चालविणे, पाणबुडीचा शोध घेणे, जोड-बुरुजांवरील तोफा हाताळणे, काफिल्याची रचना ठेवणे या गोष्टी भारतीय नाविकांच्या एका पिढीने अशाच जुन्या नौकांवर आत्मसात केल्या. १९६० च्या सुमारास नव्या फ्रिगेट नौका आल्यानंतर हंट वर्ग कालबाह्य झाला, तरी गोदावरी सेवेत राहिली. मार्च १९७६ मध्ये मालदीव बेटांजवळ ती खडकावर चढून नुकसान पावली. सु. ३४ वर्षे वयाच्या नौकेची मोठी दुरुस्ती करण्यात अर्थ नव्हता. १९७९ मध्ये ती मोडीत काढण्यात आली.

तिचे नाव मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या फ्रिगेट वर्गातील पहिल्या नौकेस देण्यात आले. या नव्या गोदावरीचे जलावतरण १९८० मध्ये झाले, १० डिसेंबर १९८३ रोजी ती नौसेनेत दाखल झाली व २३ डिसेंबर २०१५ रोजी निवृत्त झाली. ‘गंगा’ व ‘गोमती’ ही नावेही याच वर्गातील दुसऱ्या दोन नौकांनी चालविली. त्यांपैकी शेवटची, गोमती, २०२२ मध्ये निवृत्त झाली. १९३९ मध्ये पोलंडमधून निघालेल्या तीन विनाशिकांपैकी ब्विस्काविट्सा १९४७ मध्ये मायदेशी परतली. ती ग्दिन्या बंदरात संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे.