राळेच्या खड्यांतील कोळी

सालईच्या झाडाची साल फाटली म्हणजे आंतून चिकट रस पाझरूं लागतो, व त्यावर एखादी मुंगी चढली कीं ती तेथेंच रुतून बसते. आपल्या भंडारा जिल्ह्याच्या रानांत फिरणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें पाहिलेंच असेल. अशाच एका सापळ्याची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. मात्र तो कोट्यवधि वर्षांपूर्वींचा आहे.

साधा डिंक पाण्यांत विरघळतो, राळ विरघळत नाहीं. ती चिखलाखालीं दडपली गेली म्हणजे तिच्यांतील तेलें हळूहळू उडून जातात व अखेर तिचा पिवळा पारदर्शक खडा बनतो. घासला असतां तो गवताच्या काड्या ओढतो, म्हणून त्यास तृणमणि म्हणतात. इंग्रजींत विजेस जें नांव आहे तेंही याच खड्याच्या ग्रीक नांवावरून पडलें.

ब्रह्मदेशांतील हुकाँग खोऱ्यांत सुमारें 10 कोटी वर्षांपूर्वींचे तृणमणि निघतात. त्यांतील एका चिमुकल्या प्राण्याचें वर्णन 2018 सालीं प्रसिद्ध झालें. देह अवघा अडीच मिलिमीटर. आठ पाय, सूत काढणारे अवयव, सारें कोळ्यासारखें. पण मागें देहाहून लांब शेपूट! आजच्या कोणत्याहि कोळ्यास असें शेपूट नाहीं. तेव्हां त्यास कोळी म्हणावें कीं कोळ्याचा चुलतभाऊ, याविषयीं पंडितांत मतभेद आहे.

आम्हांस याहून नवल वाटतें तें दुसऱ्याच एका कोळ्याचें. लांब मान व लांब जबडे असलेला हा प्राणी 1854 सालीं बाल्टिक समुद्राकांठच्या तृणमण्यांवरून प्रथम वर्णिला गेला. त्याच्या कुळांतील जिवंत कोळी शास्त्रज्ञांस कोणासही ठाऊक नव्हता. पुढें 1881 सालीं मादागास्कर बेटावरील त्याच्या जिवंत भाऊबंदाची नोंद झाली! हे कोळी इतर कोळ्यांनाच खातात. सावज हातभर दूर धरावें तसे ते त्यास जबड्यांच्या टोंकाशीं धरून ठेवतात.

आपल्या देशांतहि असे खडे आहेत. सुरत जिल्ह्यांतील वस्तानच्या लिग्नाइट कोळशाच्या खाणींत निघालेली राळ सुमारें 5 कोटी वर्षांपूर्वींची असून ती शालवृक्षाच्या कुळांतील झाडांची आहे. ती पुरती कठीण झालेली नाहीं. त्यामुळें योग्य द्रावकांत विरघळवून आंतला किडा सबंध बाहेर काढतां येतो. 2010 सालच्या अहवालांत असे 100 हून अधिक जातींचे बारीक जीव नोंदलेले आहेत. भरतखंड त्या सुमारास आशियाशीं भिडत होतें. समुद्रांतून एकटें सरकत आलेल्या या भूमीवरचे जीव अगदीं निराळे असावेत, असा तर्क होता. परंतु त्यांचे नातलग यूरोप, ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथें निघाले. हें समजलें तें खाणीच्या कडेला बसून खडे वेंचणाऱ्यांमुळें. खाण खणली ती विजेसाठीं; जो खडा वेळीं उचलला गेला नाहीं, तो कोळशाबरोबर भट्टींत गेला.