पन्नासावा सभासद

राजकारणावर बोलत नाही असा माणूस धाराशिव जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही. सोसायटीत कुणाचं पॅनल येणार, ढोकीचा तेरणा कारखाना कुणाच्या हातात राहणार, सरपंचावर अविश्वास ठराव येणार का, यावर कळंबच्या स्टँडवर चहा घेणारा कुणीही अर्धा तास सहज बोलेल. त्याच्याच शेजारी त्याचा पोरगा मोबाइलमध्ये मान घालून ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ खेळत असतो. त्याला विचारावं, तुमच्या क्लॅनचा लीडर कसा ठरला? ‘काय माहीत, मी आलो तवा होताच.’ वॉरमध्ये कुणाला घ्यायचं, कुणाला किक मारायची, हे कोण ठरवतं? ‘लीडर आन को-लीडर बघतेत. आपण निस्तं खेळतो.’

बापाला सोसायटीच्या सचिवाचा गट तोंडपाठ आणि पोराला स्वतःच्या क्लॅनचा कारभार ठाऊक नाही, याची मला गंमत वाटते आणि थोडी काळजीही. असल्या खेळांत निस्तं खेळणं असं काही नसतंच. आपण लक्ष घातलं नाही तरी आपलं सैन्य, आपला साठा आणि आपल्या रात्री कुणीतरी कुठेतरी लावतच असतं.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीने २०१२ मध्ये आणलेल्या ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’मध्ये प्रत्येकाचं एक गाव असतं. ते बांधायचं, राखायचं आणि दुसऱ्याचं लुटायचं. एका क्लॅनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या टोळीत, जास्तीत जास्त पन्नास जण. त्यांच्यात सभासद, एल्डर, को-लीडर आणि लीडर अशी उतरंड. सभासद एकमेकांना सैन्य डोनेट करतात. निवडणूक नाही, सभा नाही, हिशेबाची वही नाही. वरच्याला वाटलं की खालचा बाहेर.

जर्मनीत २००४ मध्ये सुरू झालेला ‘ट्रॅव्हियन’ याहून मुरलेला. एकाच नकाशावर हजारो खेळाडू महिनोन्‌महिने नांदतात, युत्या करतात, अनाक्रमणाचे तह करतात आणि मोडतात. शेवटी जो ‘जगातलं आश्चर्य’ शंभराव्या पातळीपर्यंत बांधतो तो जिंकतो. आता खरी मेख बघा. त्या एका गावाच्या राखणीला युतीतल्या अनेकांची फौज येऊन बसते आणि ती फौज धान्य खाते. धान्य संपलं की सैनिक उपाशी मरतात. ते धान्य पाठवतात नकाशाच्या कोपऱ्यातले लहान खेळाडू. वास्तूवर नाव त्यांचं नसतं, पण त्यांनी चार दिवस गाड्या थांबवल्या तर सगळा डोलारा बसतो. ही ताकद आपल्या हातात आहे, हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आपल्या जिल्ह्याला हा डाव नवा नाही. नळदुर्ग आणि परांडा हे दोन किल्ले म्हणजे दख्खनच्या नकाशावरची अशीच मोक्याची घरं. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि आंदणात सोलापूरचा किल्ला दिला. या सोयरिकीतून उभ्या राहिलेल्या युतीने जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगर बुडवलं. पंधरा-सोळा वर्षं गेली आणि त्याच युतीतल्या निजामशाही व कुतुबशाही फौजा आदिलशाहीच्या नळदुर्गाला वेढा घालून बसल्या. ‘अनाक्रमणाचा तह’ किती दिवस टिकतो, हे शिकायला ट्रॅव्हियनच कशाला हवं?

परांड्याची गोष्ट तर जास्तच बोलकी आहे. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर मलिक अंबरने निजामशाहीचं सिंहासन काही काळ परांड्यात मांडलं. पुढे किल्ला विजापूरकरांकडे गेला. १६३४ मध्ये शहाजहानचा मुलगा शुजा आणि सेनापती महाबतखान प्रचंड फौज घेऊन परांड्यावर आले. तोफा होत्या, खजिना होता, पाठीशी अख्खी मोगल सल्तनत होती. तरी वेढा उठवून परत जावं लागलं. दाणावैरणीचे हाल झाले हे खरं, पण इतिहासकार त्याच्याच जोडीने सांगतात ते सरदारांमधलं भांडण. वर सरदार एकमेकांची जिरवत होते आणि खाली चारा आणायला गेलेला शिपाई मारला जात होता. त्या शिपायाला कुणी काही विचारलं नाही आणि त्यालाही विचारायची सोय नव्हती. क्लॅनमधल्या पोराला ती आहे. फरक आहे तो एवढाच आणि तो लहान नाही.

सामान्य खेळाडूने डोळे मिटून घेतल्यावर काय होतं, याचा सगळ्यात मोठा दाखला आइसलंडच्या ‘ईव्ह ऑनलाइन’चा. २००३ पासून चालू असलेलं हे अंतराळाचं जग. त्यात ‘बँड ऑफ ब्रदर्स’ नावाची एक दांडगी युती होती. फेब्रुवारी २००९ मध्ये तिचा एक संचालक ‘गूनस्वार्म’ या वैऱ्याला फितूर झाला. त्याच्या हातात अधिकार होते. त्याने युतीच विसर्जित केली. हजारो सभासदांनी दुसऱ्या दिवशी खेळ उघडला तेव्हा झेंडा नव्हता, नाव नव्हतं आणि मुलखावरचा हक्कही उडाला होता. लढाईत कुणी हरलं नव्हतं. एका माणसाकडे इतक्या किल्ल्या का आहेत, हा प्रश्न आधी कुणी लावून धरला असता तर? पाच वर्षांनी, २७ जानेवारी २०१४ रोजी, याच खेळात एका ताऱ्याचा ताबा राखायचा हप्ता भरायचा राहून गेला. शत्रूने ते हेरलं, जवळपास एकवीस तास लढाई पेटली, साडेसात हजारांवर खेळाडू उतरले आणि पंचाहत्तर टायटन जहाजं जळाली. एकेक टायटन बांधायला कित्येक जणांचे महिने गेलेले असतात. नासलेल्या मालाची किंमत खऱ्या पैशात तीन लाख डॉलरच्या घरात काढली गेली. सगळं एका न भरलेल्या हप्त्यापायी! आपल्याकडे वीजबिल थकून गावची पाणीयोजना बंद पडते, त्याच जातीचा हा घोळ.

पण याच ईव्हने दुसरी बाजूही दाखवली. २००७ मध्ये कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने आपल्या आवडत्या युतीला दुर्मीळ आराखडे मिळवून दिल्याचं उघड झालं. हाकाटी झाली आणि २००८ पासून खेळाडूंनी मतदान करून निवडलेलं एक मंडळ आलं. ते कंपनीसमोर खेळाडूंची बाजू मांडतं. २०११ च्या उन्हाळ्यात कंपनीने दिखाऊ वस्तू महागड्या दराने विकायला काढल्या, तेव्हा खेळाडूंनी जिता या बाजारपेठेतल्या स्मारकावर गोळ्या झाडत बसून निषेध केला, अनेकांनी वर्गणी बंद केली. मंडळाला तातडीने रेक्याविकला बोलावलं गेलं. ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली. यात मोठ्या सेनापतींइतकाच वाटा होता तो महिन्याची वर्गणी भरणाऱ्या साध्या माणसांचा.

मात्र या मंडळाला मत देतात फार थोडे. म्हणून संघटित युत्या आपली माणसं आरामात निवडून आणतात. २०११ च्या मंडळाचं अध्यक्षपद गूनस्वार्मच्या नेत्याकडेच गेलं. आपल्या ग्रामसभेची गोष्ट आठवते. कायद्याने गणपूर्ती लागते ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी. तेवढीही माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पारावर पाच-दहा जण बसून ठराव होतात आणि बाकीचं गाव वर्षभर त्यांच्या नावाने बोटं मोडतं.

आई-बापांचा आक्षेप ठाऊक आहे. आधीच पोरगं मोबाइल सोडत नाही, त्यात आणखी राजकारण? आक्षेप खोटा नाही. लीडरकी हे झोप खाणारं काम आहे आणि ते प्रत्येकाने करावं असं मी म्हणतच नाही. पन्नासाव्या सभासदाने करायचं काम त्याहून कितीतरी हलकं आहे. लीडरचा निरोप नीट वाचायचा. युद्ध कशासाठी, आपण पाठवतो ते सैन्य कुठे जातं, हे विचारायचं. शेजारच्या क्लॅनमधल्या दोघा-तिघांशी ओळख ठेवायची, म्हणजे फक्त एकाच तोंडाची बातमी ऐकावी लागत नाही. आणि को-लीडर किती जणांना केलंय ते बघायचं, कारण एकाला केलं तर मनमानी आणि वीस जणांना केलं तर कुणीही कुणालाही काढतंय.

खेळाबाहेरचं राजकारणही दार ठोठावतंच. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अॅपवर बंदी घातली, त्यात ‘क्लॅश ऑफ किंग्ज’ होता. २ सप्टेंबरच्या ११८ च्या यादीत पब्जीसोबत ‘राइज ऑफ किंगडम्स’ गेला. पब्जीचा गलका झाला, बाकीच्यांची कुणी दखलही घेतली नाही. २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालून ई-स्पोर्ट्सला मान्यता देणारा कायदा केला, तेव्हा कंपन्यांच्या संघटनांनी गृहमंत्र्यांना पत्र लिहिलं. खेळणाऱ्यांच्या वतीने कुणी लिहिलं असेल तर ते माझ्या वाचनात नाही. तो कायदा चांगला की वाईट हा वेगळा विषय. पैशांच्या जुगाराने घरं बसलेली आपण पाहिली आहेत, त्यामुळे मला त्या बंदीचं दुःख नाही. पण ज्यांच्या हातात फोन आहे त्यांचंच मत कुणाला नको असावं, हे मात्र खुपतं.

आणि प्रश्न विचारला म्हणून लीडरने किक मारली तर? मारू द्या. गाव बदलता येत नाही, शेत उचलून नेता येत नाही, क्लॅन मात्र एका बोटाने बदलतो. एकोणपन्नासावर अडलेले, माणूस शोधणारे क्लॅन शेकड्यांनी पडलेत. फक्त जाताना दोन दिवस थांबून बघावं, आपल्या मागोमाग आणखी किती जण बाहेर पडतात ते. लीडरही तेच मोजत बसलेला असतो.